टोमॅटोची लागण दर 15 दिवसांनी? जरा थांबा दादा

तुमचा प्रश्न असा की फलटणला एक एकर टोमॅटो आहे, सगळा माल एकदम सुरू होतो आणि नेमका तेव्हाच बाजार पडलेला असतो, तर दर 15 दिवसांनी थोडी थोडी लागण (लागवड) करून वर्षभर माल काढता येईल का. वर्षभर नाही येणार. पाच-सहा महिने आरामात येईल, पण 15 दिवसांचं गणित सोडा.

मी जुन्नर भागातला, नारायणगावच्या मार्केटला माल जातो. 2023 च्या जुलैत 20 किलोच्या कॅरेटला दोन हजाराच्या वर भाव गेलेला सगळ्यांनी पाहिला आणि सप्टेंबरपर्यंत तोच टोमॅटो लोकांनी बांधावर ओतलेलाही पाहिला, त्यामुळे सगळी अंडी एका टोपलीत नकोत हे मलाही पटतं. पण हायब्रीड वाण लागणीपासून 65-70 दिवसांनी पहिल्या तोड्याला (काढणीला) येतो आणि पुढे दीड-दोन महिने तोडे चालतात. म्हणजे 15 दिवसांच्या फरकाने लावलं तर तीन-चार लॉट एकाच वेळी चालू, मग उपयोग काय? शिवाय पाच-पाच गुंठ्यांचे तुकडे केले तर तोड्याला 15-20 कॅरेट निघणार, पिकअपवाला तेवढ्यासाठी येत नाही, दुसऱ्याच्या गाडीत टाकायला त्याच्या पाया पडावं लागतं. कमीत कमी 10 गुंठे एका वेळी, म्हणजे पाच फुटी बेडवर दीड फुटाने साधारण साडेचौदाशे रोपं. एकरात असे चार लॉट, बास.

आता अंतर. इथेच बहुतेक जण फसतात कारण कॅलेंडर बघून लावतात. थंडीत झाड बसून राहतं. सप्टेंबर मध्याची लागण 65 दिवसांत सुरू होईल, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली 70-72 घेईल आणि महिनाअखेरीची 80 च्या आसपास, म्हणजे लागणीत 20 दिवसांचा फरक ठेवला तरी तोड्यात तो 25-28 होतो, आपोआप. म्हणून थंडीकडे जाताना 18-20 दिवस पुरे. जानेवारीत उलटं, मागून लावलेलं उन्हाच्या जोरावर पुढच्याला गाठतं, तेव्हा महिन्याचा फरक ठेवा. आणि फेब्रुवारी मध्यानंतर तुमच्याकडे लावूच नका, फुलं एप्रिलच्या ऐन उन्हात येतील, दिवसा 38-40 आणि रात्रही गरम, सेटिंग म्हणजे फळधारणा होत नाही, फुलगळ बघत बसावं लागतं. आमच्याकडे मार्चमध्येही लागणी होतात पण आमची रात्र तुमच्यापेक्षा गार असते.

पण यापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. जुना प्लॉट नव्या प्लॉटला रोग देतो. माझंच सांगतो. पहिला लॉट संपत आला होता, दुसरा अगदी शेजारी, मध्ये फक्त पाटाची जागा. भाव जरा वर आला म्हणून लोभाने जुना प्लॉट अजून तीन आठवडे उभा ठेवला, फवारणी मात्र बंद, म्हटलं कशाला खर्च. दुसऱ्या लॉटमधलं माशी पकडायचं पिवळं चिकट कार्ड बघायला गेलो तर जुन्या प्लॉटकडच्या कडेचं कार्ड पांढऱ्या माशीने असं भरलेलं की मूळ पिवळा रंग शोधावा लागत होता, आणि लांबच्या टोकाच्या कार्डावर चार-पाच माश्या. पंधरा दिवसांत त्या कडेच्या तीन बेडचे शेंडे आवळून पानं वाटीसारखी वर वळली, लीफ कर्ल, म्हणजे पांढरी माशी पसरवते तो व्हायरस. ती झाडं उपटून पिशवीत भरून बाहेर काढली तरी लॉट निम्म्यावर आला. जास्तीच्या तीन आठवड्यांत मिळाले किती, तर धड मजुरी निघाली नाही. (घरचे अजून ऐकवतात.)

तेव्हा आता असं करतो: पावसाळ्यात वारं पश्चिमेकडून, म्हणून पहिली लागण पूर्वेच्या अंगाला आणि पुढची पश्चिमेकडे सरकत, म्हणजे जुन्याची माशी नव्यावर वाहून येत नाही. थंडीत वारं बदललं की हाच क्रम उलटा. दोन लॉटमध्ये मक्याच्या तीन ओळी, त्याही टोमॅटोच्या वीस दिवस आधी पेरलेल्या, नाहीतर मका गुडघ्याएवढा असतो आणि माशी वरून जाते. शेवटचा तोडा झाला की आधी माशीसाठी फवारणी आणि दुसऱ्या दिवशी उपटणी. आधी उपटलं तर सगळी माशी उठून थेट शेजारी. आणि रोपं स्वतः करत असाल तर वाफा किंवा ट्रे जुन्या प्लॉटजवळ नकोच, रोपातच व्हायरस घेऊन आलं तर पुढचं सगळं वाया.

वाण बदलून माल लांबवायचा म्हणाल तर एकाच दिवशी लवकरचा आणि उशिराचा लावून आठ-दहा दिवसांचाच फरक पडतो. चारही लॉटला एकच वाण ठेवा, व्यापाऱ्याला एकसारखा माल लागतो.

रोपवाटिकेत मात्र चारही लॉटचं बुकिंग वेगवेगळ्या तारखांचं आत्ताच करा, रोप 25-28 दिवसांचंच घ्या. ट्रेमध्ये 40 दिवस राहिलेलं स्वस्तात देतात, घेऊ नका, ते मुळं गुंडाळून बसलेलं असतं आणि तुमचं सगळं अंतर बिघडवतं.

विहिरीला मार्चमध्ये पाणी किती तास चालतं ते सांगा, मग जानेवारीचा लॉट धरायचा की नाही ते बोलू.