नोकरीसाठी मॉरिशसला चाललोय. तिथले मराठी लोक आपल्याशी मराठीत बोलतात का?

नाही. घरात क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, सरकारी कागदावर इंग्रजी, वर्तमानपत्रं बरीचशी फ्रेंच. इंग्रजांनी 1810 मध्ये फ्रेंचांकडून बेट घेतलं, पण लोकांची जीभ काही त्यांना बदलता आली नाही. म्हाताऱ्यांशी हिंदीत जमेल. शाळेत मराठी विषय घेता येतो, म्हणून काही तरुणांना वाचता येतं. बोलायला मात्र लाजतात, आणि त्यात आपला हात आहे.

माझी बायको तिकडचीच. लग्नानंतर पहिल्यांदा चिपळूणला आली, तेव्हा काकांनी ओटीवरच आडनाव विचारलं. ते आडनाव म्हणजे खापरपणजोबांचं नुसतं नाव, पुढे 'जी'. कारकुनानं टिपून घेतलं ते वंशाला चिकटलं. काका म्हणाले, "हे कसलं मराठी आडनाव?" त्यात ती "मी जेवलो" म्हणाली. सगळी ओटी हसली.

मग तिनं पर्समधून कागद काढला. करारी मजुरांच्या नोंदवह्या तिथे मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जपल्यात, तिथून आणलेली नक्कल. नंबर, जहाज, बापाचं नाव, उंची. जिल्हा रत्नागिरी, गाव दाबूल. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाला लावून वाचला. "दाबूल नावाचं गावच नाही आपल्या जिल्ह्यात." कागद परत, विषय संपला. ती रात्रभर गप्प होती. मीही गप्प बसलो, ते अजून ऐकून घेतो.

गुलामी बंद झाली तेव्हा उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. 1834 पासून साडेचार लाखांच्या आसपास हिंदुस्थानी तिथे उतरले. बहुतेक बिहारकडचे, मुंबई बंदरातून गेलेले आपले लोक मूठभर. भोजपुरीच्या त्या गर्दीत राहूनही गणपती टिकवला, आज चतुर्थीला देशभर सुट्टी असते. सासऱ्यांची आरतीची वही रोमन अक्षरांत आहे, तीही फ्रेंच वळणाची. निम्मे शब्द कळत नाहीत, पण एक कडवं गाळत नाहीत. झाकरी नाचतात, ती आपली जाखडीच. काकांचा पुण्यातला नातू आरतीला टाळ्या वाजवतो आणि 'जय देव'पुरतं तोंड उघडतो. त्याचं आडनाव मात्र चोख आहे.

हे सगळं एका घरावरून सांगतोय. तिथेही मराठीचं सोयरसुतक नसलेले पुष्कळ भेटतील. आणि 'आपले हरवलेले भाऊ' म्हणून गळ्यात पडू नका, ते आधी मॉरिशसचे आहेत. कामापुरतं क्रेओल शिका, महिन्याभरात जमतं.

आणि काका, हे वाचत असाल तर: जुन्या इंग्रजी कागदांत दाभोळला दाबूल लिहायचे. धोपाव्याहून फेरीबोटीनं खाडी ओलांडली की समोरच आहे.