पेशी साठवण्याचा करार मोडायचा आहे, पैसे परत मिळतील?

प्रश्न : आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. सोसायटीच्या हॉलमधल्या आरोग्य शिबिरात एका कंपनीने माझ्या वडिलांकडून (वय ६८) रोगप्रतिकारक पेशी वीस वर्षं साठवण्याचा करार करून घेतला. एकूण १ लाख ८० हजार रुपये. ६० हजार चेकने दिले, बाकी फायनान्स कंपनीचे हप्ते. रक्तही काढून नेलंय. आता म्हणतात, पैसे परत मिळणार नाहीत, वाद असेल तर गुरुग्रामला लवादापुढे या.

उत्तर : गुरुग्रामला जायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमची ठाण्यातच. लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाला आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं.

तुम्ही पाठवलेले कागद वाचले. माहितीपत्रकावर ठळक मराठीत आहे, ‘म्हातारपणी कॅन्सर-मधुमेहापासून संरक्षण’. करारात मात्र अकराव्या कलमात, बारीक इंग्रजीत, या पेशी पुढे उपचाराला उपयोगी पडतील याची हमी नाही असं लिहिलंय. तुमची केस याच दोन कागदांवर उभी राहते. माहितीपत्रक, शिबिराचा फोटो, एजंटचे व्हॉट्सॲप मेसेज, काहीही डिलीट करू नका.

शास्त्र खरं की खोटं या वादात शिरू नका. वयाबरोबर नव्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचाच एक प्रकार) कमी तयार होतात आणि पेशी गोठवून टिकवता येतात, हे खरंच आहे. खारघरच्या ॲक्ट्रेकचं, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्राचं नावही कंपनी पुढे करील. टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबईच्या संशोधनातून आलेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, पण तो ठरावीक रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे आणि त्यात रुग्णाच्याच पेशी घेऊन त्यांत जनुकीय बदल केला जातो. निरोगी माणसाने आज ठेवलेल्या पेशी म्हातारपणीच्या आजारांवर परत देण्याचा मंजूर उपचार आपल्याकडे नाही. २०१९ च्या नवीन औषधांच्या नियमांत पेशींपासून बनवलेलं औषध ‘नवीन औषध’ धरलं जातं; त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. कंपनीला आधी नोटीस पाठवा आणि तीत सरळ विचारा : तुमच्याकडे कोणती परवानगी आहे, पेशी कुठे ठेवल्यात, त्यांतल्या किती जिवंत आहेत? कॅन्सर-मधुमेहाच्या दाव्याबद्दल राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे (एफडीए) वेगळा अर्ज द्या.

तक्रार ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणून मांडा. ‘अन्याय्य करार’ हा मुद्दा घातलात तर प्रकरण राज्य आयोगाकडे जाईल, विनाकारण लांबेल.

हप्ते मात्र स्वतःहून थांबवू नका, सिबिल खराब होईल. फायनान्स कंपनीलाही पक्षकार करा आणि हप्त्यांना स्थगितीसाठी अंतरिम अर्ज द्या. पेशी नष्ट करायला संमती मागितली तर सही करायची नाही. रक्ताच्या प्रक्रियेचा थोडा खर्च आयोग कापू शकतो, ती तयारी ठेवा.

तक्रारदार वडीलच हवेत. तुम्ही त्यांच्या अधिकारपत्रावर हजर राहू शकता. त्यांना घरात ‘फसलात’ म्हणून कुणी बोलू नका. एजंट काय म्हणाला, सही करताना शेजारी कोण बसलं होतं, हे आजच त्यांच्या हाताने लिहून घ्या.