रजेची शिल्लक सॉफ्टवेअरमध्ये अचूक कशी ठेवावी?

प्रणालीत दिसणारी शिल्लक रजा आणि कर्मचाऱ्याचा स्वतःचा हिशेब जुळत नाही, यावर उपाय काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सर्वप्रथम शिल्लकेचा आकडा हाताने बदलण्याची सोयच बंद करावी. जमा झालेली, घेतलेली, रद्द झालेली आणि मुदत संपून बाद झालेली प्रत्येक रजा बँकेच्या पासबुकाप्रमाणे तारखेसह स्वतंत्र नोंदवावी आणि शिल्लक केवळ त्या नोंदींच्या बेरजेतून निघावी. मंजूर रजा रद्द झाली, तर जुनी नोंद न पुसता तेवढ्याच दिवसांची उलट नोंद करावी, म्हणजे सहा महिन्यांनी कोणी विचारले तरी काय घडले ते दाखवता येते.

दुसरी अडचण पूर्णांकनाची, म्हणजे अपूर्णांक जवळच्या सोप्या आकड्यावर आणण्याची, असते आणि ती सहज नजरेतून सुटते. वर्षाला २० दिवस रजा असेल, तर महिन्याला १.६६६... दिवस जमा होतात, दरमहा १.६७ धरल्यास वर्षअखेरीस २०.०४ दिवस होतात, आणि १.५ धरल्यास कर्मचाऱ्याचे तब्बल दोन दिवस बुडतात. म्हणून गणना अपूर्णांक न तोडता ठेवून पूर्णांकन फक्त दाखवताना करावे.

मंजुरीच्या प्रतीक्षेतील अर्जांचे दिवस शिल्लकेतून वजा न करता वेगळे दाखवावेत. सध्याची तफावत मिटवण्यासाठी प्रत्येकाची हजेरी ताडून, कर्मचाऱ्याची संमती घेऊन, आरंभीची शिल्लक एकदाच नोंदवावी.