अहिराणी गाणी मिसळताना 'सिंक'वर किती विसंबावे?

शिरपूरच्या भाऊंनी लिहिले आहे की, नव्या कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडून दोन गाणी मिसळायचे डीजेचे यंत्र) घरी हिंदी गाणी छान जुळतात, पण चुलतभावाच्या हळदीत अहिराणी गाणी लावली तेव्हा 'सिंक' हे ठोके आपोआप जुळवणारे बटण दाबूनही ठोके एकमेकांवर आदळले. आणि प्रमाणपत्र देणारा एखादा वर्ग लावावा का, असेही त्यांनी विचारले आहे. माझेही नेमके येथेच अडले होते, म्हणून सविस्तर लिहितो. मी हौशी आहे, सुपाऱ्या घेत नाही. तेव्हा माझे मत त्याच मापाने घ्यावे. जोडणी, हेडफोन, क्यू (पुढचे गाणे आधी हेडफोनवर ऐकणे) हे सारे आपल्याला येते असे धरून चालतो.

'सिंक'ला गाणे ऐकू येत नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक गाणे आधी तपासून त्यावर ठोक्यांची जाळी आखते आणि हे बटण त्या दोन जाळ्या एकमेकींवर बसवते, एवढेच. संगणकावर बांधलेल्या गाण्यात जाळी शेवटपर्यंत बरोबर राहते. मात्र बँड किंवा बँजो पार्टीने प्रत्यक्ष वाजवलेल्या गाण्यात ढोलकीवाला रंगात आला की लय चढते आणि जाळी मागे राहते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यासोबत १२०.५ चे गाणे सोडले, तर एका मिनिटात अर्ध्या ठोक्याचा फरक पडतो. म्हणजे एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या मधोमध येतो आणि मांडवातले पाय अडखळतात. त्यातून हळदीची पुष्कळ गाणी सहा मात्रांच्या चालीची असतात, आणि अशा गाण्यांचा वेग सॉफ्टवेअर अनेकदा भलताच दाखवते. यावर उपाय दोनच: जाळी हाताने दुरुस्त करणे, किंवा 'सिंक' बंद करून जॉग व्हील, म्हणजे गाणे पुढेमागे सरकवणारी चकती, कानाच्या हुकमाने हलवणे.

आता वर्गाविषयी. मी ज्या वर्गाला गेलो त्याचे नाव लिहिणार नाही, कृपया विचारूही नये. तेथे पहिल्याच दिवशी 'सिंक' चालू करून दिले आणि पुढचा सारा काळ एको, फिल्टर, सायरन अशा आवाजाच्या करामतींत गेला. हेडफोन गळ्यात अडकवायचा तो छायाचित्रापुरता. लय चढणाऱ्या गाण्याचे काय करायचे असे विचारल्यावर, "असली गाणी वाजवूच नका, रिमिक्स घ्या," असे उत्तर मिळाले. शुल्क परत मागितले तेव्हा पावतीच्या मागे छापलेली अट दाखवली गेली, नंतर पुढच्या तुकडीत बसा म्हणाले, आणि शेवटी शिकवणे राहिले बाजूला, प्रमाणपत्र मात्र तयार होते! पैशांचे दुःख ओसरले. पण डोळे पडद्यावरच्या आकड्यांना चिकटून राहण्याची जी सवय तेथे लागली, ती मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ गेला. माझे खरे नुकसान ते. सगळेच वर्ग असे नसतात. तरीही पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा: पडदा झाकून आणि 'सिंक' बंद ठेवून मला मिसळायला शिकवाल का? उत्तर देताना टाळाटाळ झाली तर सरळ घरी यावे.

त्याऐवजी वरातीतल्या जुन्या ऑपरेटरकडे लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. आवाजाबद्दल माझीही त्यांच्यावर नाराजी आहे, पण शिकलेली मंडळी त्यांना 'नुसते बटण दाबणारे' म्हणतात ते मला पटत नाही. जनरेटरचा धूर, धूळ आणि चारही बाजूंनी येणाऱ्या फर्माइशी सांभाळत तो सहाच्या चालीवरून चारच्या चालीवर जातो, तेव्हा न जुळणारे ठोके जुळवण्याचा हट्ट धरत नाही. तो मुखडा संपू देतो, बास उतरवतो, माइकवर नवरदेवाचे नाव घेतो आणि नवे गाणे नेमके समेवर सोडतो. कानावर विसंबणे जुनेच आहे. न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिस ग्रासो हा डीजे हेडफोनवर ऐकत दोन तबकड्यांचे ठोके जुळवत असे. टेक्निक्स कंपनीच्या एसएल-१२०० तबकडीयंत्राला वेगाची सरकपट्टी मिळाली ती १९७९ च्या दुसऱ्या आवृत्तीत. सरकपट्टी आली तरी जुळले की नाही हे कानच ठरवत होता. तेव्हा वरातीतल्या अशा जुन्या ऑपरेटरजवळ उभे राहावे, यंत्राला हात लावू नये आणि शंका विचारायच्या त्या सामान उतरवून झाल्यावर, चहाच्या वेळी. त्याच्या गाण्यांचा पेनड्राइव्ह मागू नये. ती त्याची वर्षानुवर्षांची कमाई असते.

घरच्या सरावासाठी एकच गाणे दोन्ही डेकवर (कंट्रोलरच्या गाणे वाजवायच्या दोन बाजूंवर) लावा, वेगाचे आकडे कागदाने झाका, कोणाला तरी एका डेकची पट्टी हलवायला सांगा आणि केवळ ऐकून ती जागेवर आणा. हे साधले की संगणकी गाण्यासोबत बँडचे गाणे घ्या.

थोडे अवांतर. स्पीकरमधून घुंईं असा आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. अनेकदा दोष तेथेच असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, त्यामुळे गच्चीवर लॅपटॉप उन्हात ठेवू नका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि निवासी भागातली दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. मी वकील नाही, म्हणून परवानगीचे आपल्या पोलीस ठाण्यातच विचारावे.

पुढच्या हळदीपुरते एवढे करा: सहाच्या चालीची गाणी वेगळ्या यादीत काढा, ती सलग वाजवा आणि चारच्या चालीकडे वळताना ठोके जुळवू नका, गाणे संपू द्या, माइक घ्या आणि मग दुसरे सोडा.