गवताची टोके पिवळी का पडतात?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. हिरवळ कापण्याच्या, बसून चालवायच्या आमच्या ट्रॅक्टरचे इंजिन व्यवस्थित चालते. परंतु कापणीनंतर गवताची टोके पिवळी पडतात. काय तपासावे?

उत्तर : दोष बहुधा पात्यांचा आहे. गवताची एक काडी हातात घेऊन तिचे टोक पाहा. ते सरळ न कापता दोऱ्यासारखे पिंजलेले दिसले, तर बोथट पाती गवत कापत नसून फाडत आहेत असे समजावे. इंजिन बंद करून, किल्ली काढून आणि स्पार्क प्लगची वायर सुटी केल्याशिवाय डेकखाली (पात्यांवरच्या पत्र्याच्या आवरणाखाली) हात मुळीच घालू नका. पात्याला मूळ कोनातच धार लावा आणि मधल्या भोकातून ते खिळ्याला अडकवा. एक बाजू खाली झुकली तर ती आणखी थोडी घासावी, कारण असमतोल पात्याच्या कंपनांनी स्पिंडलचे (पाते ज्यावर फिरते त्या दांड्याचे) बेअरिंग खराब होते. डेकच्या आत चिकटलेला ओल्या गवताचा थरही त्याच वेळी खरवडून काढा, त्यानेच पत्रा गंजतो. तेल साधारण 50 तासांनी किंवा हंगामातून एकदा, इंजिन कोमट असताना बदलावे. हिवाळ्यापूर्वी पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (साठवलेले पेट्रोल खराब होऊ न देणारे द्रव्य) घालून इंजिन काही मिनिटे चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचेल.