तुमचे प्रश्न: अल्टूनाचं जुनं फोटोकार्ड

प्रश्न: मी सध्या मुलाकडे पेन्सिल्व्हेनियात आहे. अल्टूना गावात जुन्या वस्तूंच्या दुकानात एक फोटोकार्ड मिळालं. पुढे रस्ता, दुकानांच्या पाट्या आणि छपरांच्या मागे रेल्वे वर्कशॉपच्या चिमण्या, धूर. मागे मधोमध उभी रेघ, स्टॅम्पच्या चौकटीला एझेडओ ही अक्षरं आणि चारही कोपऱ्यांत टोक वर असलेले त्रिकोण. दुकानदार म्हणाला १८८० चं आहे. खरं असेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही हो ताई, दुकानदाराने चांगली पंचवीसेक वर्षं वाढवून सांगितली! पुढचा फोटो बघून आपण भुलतो, पण तारीख लपलेली असते मागे. ती उभी रेघ बघा, अमेरिकेत १ मार्च १९०७ पर्यंत कार्डाच्या मागे फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, त्यामुळे लोक फोटोच्या कडेकडेने मजकूर कोंबायचे, मग डाव्या अर्ध्यात मजकूर चालेल असं ठरलं आणि मधे रेघ आली. आणि एझेडओ हा फोटो छापायच्या कागदाचा ब्रँड, त्या कागदावर चारही त्रिकोण वर म्हणजे साधारण १९०४ ते १९१८, नंतर दोन वर दोन खाली झाले. म्हणजे तुमचं कार्ड १९०७ ते १९१८ मधलं, फार तर स्टुडिओत कागद पडून राहिला असेल तर एखाददोन वर्षं पुढे. आता एक शंका राहतेच, जुन्या निगेटिव्हवरून नंतर प्रिंट काढली असेल तर? म्हणून रस्त्यावर मोटार दिसते का ते बघा, दिसली की १८८० चा विषयच संपला.

खरी मजा पाट्यांमध्ये आहे. कार्ड १२०० डीपीआयला स्कॅन करा, पाटीवरचं नाव वाचा आणि तिथल्या लायब्ररीत जुन्या सिटी डिरेक्टरी मागा. त्यात वर्षावर्षाला कुठल्या पत्त्यावर कुठलं दुकान, कोण काय काम करतो, सगळं असतं. ते दुकान कुठल्या साली येतं आणि कुठल्या साली गायब होतं ते बघितलं की तारीख अजून घट्ट होते. सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशेही बघा, त्यात विटांची इमारत गुलाबी रंगात, लाकडी पिवळ्या रंगात दाखवलेली असते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर भरपूर आहेत, फुकट.

चिमण्यांचं म्हणाल तर ते गावच रेल्वेचं. पेन्सिल्व्हेनिया रेलरोडने १८४९ मध्ये अ‍ॅलेगेनी डोंगराच्या पायथ्याशी वसवलं, पुढे इंजिनंही तिथेच बनायला लागली, १३६१ नंबरचं प्रसिद्ध वाफेचं इंजिन १९१८ चं तिथलंच. म्हणजे त्या पाट्यांखालून सामान घेऊन जाणारी बरीच गिऱ्हाइकं वर्कशॉपची असणार, पगार रेल्वेचा आणि उधारी वाण्याची!

मुलाला सांगून जवळचा हॉर्सशू कर्व्ह, म्हणजे रेल्वेचा डोंगरातला वळसा, जरूर बघा. आपल्याकडे बोरघाटात गाडीची दिशा उलटी करून चढाव काढला होता, तिथे रूळच घोड्याच्या नालासारखे वळवले. तो सुरू झाला १५ फेब्रुवारी १८५४ ला, म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्याच्या दहा महिने आधीची, हे मुलाला जरा ऐकवाच.

आणि हो, कार्ड लॅमिनेट करू नका, चिकटपट्टीही नको. पाटीवरचं नाव वाचता आलं की आम्हाला कळवा.