लिनक्सवर ऑडिओ इंटरफेसचा ड्रायव्हर कुठे मिळतो?

कुठेच मिळत नाही, कारण तो लागत नाही.

तुम्ही लिहिलंय की दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस, म्हणजे माइक-गिटार संगणकाला जोडणारा डबा, घेतलाय, कंपनीच्या साइटवर फक्त विंडोज आणि मॅकचे डाउनलोड आहेत, आणि एका जाणकार मित्राने ‘लिनक्सवर ऑडिओच्या नादी लागू नकोस’ असं बजावलंय. हे शेवटचं नसतं लिहिलं तर मी उत्तर द्यायला बसलोच नसतो. असा एक जाणकार आमच्याही घरात आहे.

आधी ड्रायव्हरचं मिटवू. आजचे बहुतेक यूएसबी इंटरफेस ‘यूएसबी ऑडिओ क्लास’ नावाचं प्रमाण पाळतात. माझ्याकडे इतके चॅनल आहेत, अमुक सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं) चालतात, हे यंत्र स्वतःच सांगतं. ते समजणारं मॉड्यूल लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे त्याच्या गाभ्यातच, असतं. खोक्यावर ‘आयपॅडवर चालतो’ असं लिहिलं असेल तर लिनक्सवर चालणार हे जवळपास धरून चाला, कारण तिथेही हेच प्रमाण लागतं. या प्रमाणाची दुसरी आवृत्ती विंडोजने स्वतःहून ओळखायला २०१७ साल उजाडलं; लिनक्सला ती त्याच्या कितीतरी आधीपासून येत होती. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय, कोणासाठी ते पुढे कळेल.

माझा मावसभाऊ, वयाने मोठा म्हणून दादा, घरच्या घरी व्हॉइसओव्हर रेकॉर्ड करतो आणि गिटारही बरी वाजवतो. ‘लिनक्स सर्व्हरसाठी ठीक, आवाजाचं काम त्याला जमत नाही’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदा तो स्वतःचा इंटरफेस, माइक, केबल असं सगळं बांधून माझ्याकडे आला, कारण त्याला मला खोटं पाडायचं होतं. वायर जोडली आणि म्हणाला, ‘हं, आता कर इन्स्टॉल.’ मी काहीच केलं नाही. टर्मिनलमध्ये ‘एरेकॉर्ड’ला वजा एल लावून चालवलं, तर यादीत त्याचा इंटरफेस नावासकट हजर. तो थोडा हिरमुसला.

मग त्याने हेडफोन लावला आणि चेहरा खुलला. आवाज फक्त डाव्या कानात! ‘बघ. एक चॅनल मेलाय तुझ्या लिनक्सचा.’ मेला कुठे? माइक पहिल्या इनपुटात होता. सिस्टीम पहिला इनपुट डावा आणि दुसरा उजवा धरून दोन्हींची स्टिरिओ जोडी करते, आणि दुसऱ्या इनपुटात काहीच नव्हतं. पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल, म्हणजे ‘पावूकंट्रोल’ उघडायचं, शेवटच्या टॅबवर जाऊन त्या यंत्राचं प्रोफाइल ‘प्रो ऑडिओ’ करायचं. दोन्ही इनपुट सुटे दिसायला लागतात, आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मोनो ट्रॅकला पहिला जोडला की झालं. तुमच्याही बाबतीत हे बहुधा होईल, त्यामुळे नाव लक्षात ठेवा.

‘ठीक आहे, पण लेटन्सी?’ म्हणजे वाजवल्यापासून ऐकू येईपर्यंतचा उशीर. हे त्याचं हुकमाचं पान. त्याने गिटार लावली, मी गिटारिक्स हा गिटारच्या अॅम्पचा प्रोग्राम उघडला. त्याने तार छेडली आणि आवाज उशिरा आला. येणारच. पाइपवायर, म्हणजे लिनक्सवर आवाजाची ने-आण करणारा प्रोग्राम, मुळात १०२४ सॅम्पलच्या तुकड्यांनी काम करतो; ४८००० च्या रेटला एक तुकडा म्हणजे २१ मिलिसेकंद, शिवाय जाताना आणि येताना दोन्हीकडे. ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा’ या आज्ञेने सेटिंग्जमधला ‘क्लॉक फोर्स क्वांटम’, म्हणजे तुकड्याचा आकार, १२८ केला. तुकडा आला २.७ मिलिसेकंदांवर. त्याने पुन्हा वाजवलं आणि काहीच बोलला नाही, याचा अर्थ मला चांगला कळतो.

पण दोन मिनिटांत कडकड सुरू झाली. ‘कर्नल रिअलटाइम नाही ना तुझा, म्हणून,’ दादा म्हणाला. रिअलटाइम म्हणजे ठरल्या वेळेत काम करण्याची हमी देणारा; हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. मी ‘पीडब्ल्यू-टॉप’ लावलं. त्यात ‘ईआरआर’ नावाचा रकाना असतो, प्रत्येक अडखळीला तो आकडा वाढतो, आणि तो वाढतच होता. मग टेबलाखाली बघितलं. महाराजांनी इंटरफेस यूएसबी हबात खोचला होता, त्याच हबात बाहेरची डिस्क आणि वेबकॅम. यूएसबीवरच वीज घेणारं यंत्र तीन जणांच्या पंगतीत बसवल्यावर उपाशी राहणारच. वायर काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावली, आकडा जागच्या जागी थांबला. कर्नल तोच होता.

एवढं होऊनही दादाने हार मानली नाही. ‘पण माझे प्लगइन यावर चालत नाहीत,’ म्हणाला. प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्टचे वगैरे छोटे प्रोग्राम. ड्रायव्हरवरून कानावर, कानावरून लेटन्सीवर, तिथून कर्नलवर आणि आता प्लगइनवर. वाद ऑडिओ इंटरफेसचा होता, दादा.

आता तुमचं काम. वितरण (फेडोरा, उबुंटू अशी लिनक्सची तयार आवृत्ती) गेल्या दोन-तीन वर्षांतलं असेल तर पाइपवायर बहुधा आधीच आहे. फेडोराने ते २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीपासून मूळ म्हणून घेतलं, उबुंटूने २२.१० पासून. जुन्या लेखांत जॅक आणि पल्सऑडिओ या पाइपवायरआधीच्या दोन यंत्रणांना एकमेकांशी बोलतं करण्याचे जे पानभर उपाय दिलेले असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यातल्या आज्ञा डोळे मिटून चिकटवल्या की चांगली चालणारी सिस्टीम बिघडते. ‘स्वतःला ऑडिओ गटात घाला’ हाही तसलाच सल्ला. आवाज ऐकू येण्यासाठी त्याची गरज नाही, लॉगिन केलेल्या माणसाला परवानगी मिळतेच. तो गट उपयोगी पडतो तो प्रोग्रामला जास्त प्राधान्य देण्यासाठी, आणि तेही त्या गटाच्या नावाने मर्यादा लिहून ठेवलेल्या असतील तरच.

आर्डर किंवा रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये बॅकएंड (आवाज कशातून जाणार तो पर्याय) म्हणून जॅक निवडा, त्या नावामागे पाइपवायरच काम करतं. डेबियन आणि उबुंटूवर त्यासाठी ‘पाइपवायर-जॅक’ हे पॅकेज घालावं लागतं आणि प्रोग्राम ‘पीडब्ल्यू-जॅक’मधून सुरू करावा लागतो. थेट अल्सा (कर्नलमधली आवाजाची मूळ यंत्रणा) निवडलंत तर तो प्रोग्राम यंत्र स्वतःपुरतं धरून ठेवतो, ब्राउझर गप्प होतो, आणि मग लोक म्हणतात लिनक्सवर आवाज जातो. थेट अल्सा वापरायचंच असेल तर कार्ड नंबराने नाही, नावाने निवडा. वेबकॅम आधी ओळखला गेला की नंबर बदलतात.

रिअलटाइम कर्नलचं म्हणाल तर १२८ साठी मला कधी लागला नाही. २०२४ मध्ये ६.१२ पासून तो पर्याय मुख्य कर्नलमध्येच आलाय, हौस असेल तर बघा. नुसता आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर लेटन्सीच्या मागे लागूच नका. बहुतेक इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असतं, ते दाबा, तुमचा आवाज संगणकात न जाताच कानात येतो. फक्त सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर दोनदा ऐकू येईल.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सगळेच इंटरफेस हे प्रमाण पाळत नाहीत. काही जुने आणि काही महागडे फक्त स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतात, म्हणून मॉडेलचं नाव आणि लिनक्स असं शोधून बघा. ज्यांच्यात आतलं मिक्सिंग सॉफ्टवेअरने बदलायचं असतं त्यांचं कंट्रोल पॅनल लिनक्सवर बहुधा नसतं. फोकसराइटच्या स्कारलेट मालिकेसाठी मात्र कर्नलमध्ये मिक्सरचा ड्रायव्हर आहे आणि ‘अल्सा-स्कारलेट-जीयूआय’ नावाचा प्रोग्रामही. तिसऱ्या पिढीचा नवा स्कारलेट आधी पेनड्राइव्हसारखा दिसला तर घाबरू नका, ४८ व्होल्टचं बटण दाबून धरून चालू केला की ते बंद होतं. प्लगइनबाबत दादाचं म्हणणं अगदीच खोटं नाही: परवान्याच्या कटकटीवाले व्यावसायिक प्लगइन वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून) कधी चालतात, कधी नाही. तुमचं सगळं काम त्यांच्यावरच असेल तर विंडोज ठेवा, मी वाईट वाटून घेणार नाही.

आणि फर्मवेअर, म्हणजे इंटरफेसच्या आतलं सॉफ्टवेअर. बऱ्याच कंपन्या ते अपडेट करायला फक्त विंडोजचा किंवा मॅकचा प्रोग्राम देतात. मी त्यासाठी दादाचाच लॅपटॉप मागतो. तिथे आधी विंडोजचे स्वतःचे अपडेट संपेपर्यंत बसावं लागतं, तेवढ्या वेळात आमची प्लगइनवरची चर्चा पुढे सरकते.